बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. पैशांचं, पगाराचं, दिव्यांग कार्डाचं कसं बसवायचं? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

केळीचा मळा, यावल

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं केळीचे भाव आणि करप्यावरचे धागे वाचायला येतो. आज घरचं लिहायला बसलोय.

माझी मोठी बहीण, वय ४४. जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, पगार साडेबारा हजार. दाजी सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगा अकरावीला. तिचं केशरी रेशनकार्ड वेगळं आहे. डाव्या छातीत गाठ लागली ते तिनं पंधरा दिवस कुणाला सांगितलंच नाही, कारण पोराची फी भरायची होती. बायोप्सीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक (रेडिएशन). वर्ष जाईल असं धरून चाला.

पहिल्याच आठवड्यात तपासण्यांचे आणि अ‍ॅडव्हान्सचे मिळून १८ हजार भरले. पावती फक्त ११ हजारांची आहे. कारखान्यातला ठेकेदार म्हणतो, आठ दिवसांत कामावर आली नाही तर दुसरी बाई ठेवतो. एकानं सांगितलं की कॅन्सर झाला म्हणजे दिव्यांग कार्ड मिळतं, पाच हजार लागतील, तो काढून देईल.

माझी दोन एकर केळी आहे आणि सोसायटीचं कर्ज आहे. एक एकराला गिऱ्हाईक लागलंय. माय रोज विचारते, "आता कसं व्हईन रे भाऊ?" मला उत्तर देता येत नाही. जमीन विकू का? कार्डाचे पैसे देऊ का? तिचा पगार बंद झाला तर घर कशावर चालवायचं? जे यातून गेलेत त्यांनी कृपया सांगा.

शिरपूरची ताई

भाऊ, आधी एक ग्लास पाणी प्या. मी २०१९ मध्ये यातून गेले. उजवी बाजू. आज हे तुम्हाला लिहितेय, म्हणजे मी इथंच आहे.

जमिनीचा सौदा आज करू नका. पुढचा महिनाभर तरी नको. गिऱ्हाईकाला सांगा घरात आजारपण आहे, नंतर बोलू. घाईत विकलेल्या जमिनीचा भाव समोरचा ठरवतो.

आता कामाचं. बहिणीचं केशरी कार्ड आहे ना? मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिला लागू आहे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे होता. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता पाच लाख आहेत. केमो, ऑपरेशन, शेक, तिन्ही त्यात येतात. पण आमच्या घरी जी चूक झाली ती तुम्ही करू नका. ही योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरायचे आणि मग परत मागायचे, असं तिथं चालत नाही. आम्ही पहिल्या दोन केमो रोख भरल्या, कारण कुणी म्हणालं मंजुरीला वेळ लागतो. ते पैसे गेले ते गेले. तिसऱ्या केमोला मी स्वतः आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्याच्या) टेबलापुढं जाऊन बसले, तेव्हा कळलं की मंजुरी चार दिवसांत आली असती.

तर उद्या सकाळी दवाखान्यात गेलात की बिल काउंटरवर जाऊ नका. आधी आरोग्यमित्र कुठं बसतो ते विचारा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात तो असतो. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, डॉक्टरांनी लिहिलेला उपचाराचा आराखडा, एवढं बरोबर ठेवा. दवाखाना योजनेत नसेल तर आत्ताच बदला, पहिली केमो व्हायच्या आत. एकदा एका ठिकाणी सुरू झालं की मन धजत नाही.

आणि एक वही करा. साधी दोनशे पानी. डाव्या पानावर तारीख आणि काय झालं, उजव्या पानावर पैसे. रिक्षाचे चाळीस रुपये लिहा, नारळपाण्याचे पन्नास लिहा. माझ्या वहीत वर्षाअखेर बेरीज केली तेव्हा ऑपरेशनचा खर्च शून्य होता आणि जाणं-येणं, तपासण्या, सोबतच्या माणसाचं जेवण आणि माझ्या मिस्टरांची बुडालेली मजुरी मिळून एक लाख बारा हजार. आपण मोठ्या बिलाला घाबरत बसतो आणि ही छोटी गळती दिसत नाही. त्या पैशांची तजवीज आधी करायची.

पावती सात हजारांची कमी आहे म्हणालात. ती मागा. नाही दिली तर १५५३८८ वर फोन करा, योजनेचा टोल फ्री नंबर आहे. तिथं तक्रार नोंदवतात. भांडायला नको वाटतं, माणूस त्यांच्या हातात असतं, मला माहीत आहे. तरी फोन करा.

भाऊ, आम्ही शेतस ना (आहोत ना). रोज इथं लिहीत जा.

पगारपत्रक

मी कारखान्यात पगार-हजेरी बघतो, १७ वर्षं झाली. दादा, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोठी गोष्ट अजून कुणी धरली नाही. साडेबारा हजार पगार म्हणजे २१ हजारांच्या आत. बहिणीचा ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जातो का? पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसली पाहिजे. साडेबारा हजारांवर सुमारे ९४ रुपये. मालक वरून ३.२५ टक्के भरतो. ठेकेदाराकडची बाई असली तरी हे लागू आहे.

स्लिप देत नसतील तर तिचा दहा आकडी विमा नंबर शोधा आणि ईएसआयसीच्या पोर्टलवर बघा. कोणत्या महिन्यात किती दिवस भरलेत ते दिसतं.

आता हे नीट वाचा. ईएसआयमध्ये आजारपणाचा लाभ असतो, वर्षात ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण कॅन्सरसारख्या दीर्घ आजारांना त्यापुढे वाढीव आजारपण लाभ आहे. त्यात पगाराच्या ८० टक्के मिळतात आणि तो दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. अट अशी की दोन वर्षं सलग नोकरी आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी हवी. तुमच्या बहिणीच्या हिशेबानं पहिले तीन महिने साधारण ८,७५० आणि त्यानंतर महिना १०,०००. उपचाराच्या वर्षात घर चालवायला हाच खरा आधार आहे. दिव्यांग कार्डापेक्षा शंभर पटीनं मोठा.

पण तो आपोआप येत नाही. ईएसआयच्या डॉक्टरकडून सुट्टीचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते ब्रँच ऑफिसला वेळेत द्यायचं. उपचार फुले योजनेतून दुसरीकडं चालले असले तरी सगळे रिपोर्ट घेऊन ईएसआय दवाखान्यात जायचं आणि सर्टिफिकेट तिथूनच घ्यायचं. खंड पडू द्यायचा नाही. एक आठवडा राहिला की तेवढे पैसे अडकतात. शिवाय ईएसआयमधून थेट उपचारही होतात, मोठ्या दवाखान्याला रेफर करतात, आणि त्या खर्चाला वरची मर्यादा नाही. दोन्ही रस्ते विचारून बघा, जो लवकर सुरू होतो तो धरा.

ठेकेदाराला सांगा: आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही. तोंडी सांगू नका, लेखी रजेचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. त्यानं प्रत घेतली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. आणि बहिणीला राजीनाम्यावर सही करू देऊ नका. "हिशेब करून टाकू, सही कर" असं प्रेमानं सांगतात. तीच सही दोन वर्षांचे पैसे घालवते.

पीएफ कापत असतील तर आजारपणासाठी फॉर्म ३१ भरून अ‍ॅडव्हान्स निघतो, ऑनलाइन. पण तो शेवटी काढा. त्या पैशावर तिचं म्हातारपण आहे.

केळीचा मळा, यावल

पगारपत्रक दादा, रात्री बहिणीला फोन केला. स्लिप आहे. ईएसआयचे ९४ रुपये कापलेत. चार वर्षांपासून कापतात. तिला वाटायचं ते कसल्यातरी युनियनचे आहेत.

उद्या सकाळच्या गाडीनं जळगाव.

चोपडेकरीण

दिव्यांग कार्डाबद्दल मी सांगते, कारण मी त्यात पैसे घालवलेत.

माझ्याकडूनही एकानं पाच हजार घेतले होते. "कॅन्सरवाल्यांना कार्ड मिळतं" म्हणाला. सहा महिने फिरवलं, मग फोन उचलणं बंद. नंतर सिव्हिलमध्ये एका सिस्टरनं समजावलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. दृष्टी, श्रवण, अस्थिव्यंग, थॅलेसेमिया, सिकलसेल वगैरे. त्यात कॅन्सर नाही. स्तन काढला म्हणजे कायद्यानं दिव्यांगत्व येत नाही.

मात्र काखेतल्या गाठी काढल्या की काहींचा हात सुजतो. माझा सुजला. ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी एका सकाळी बांगडी वर जाईना. लग्नातल्या पाटल्या सोनाराकडून कापून काढाव्या लागल्या. खांदा वर होत नाही, पाण्याची कळशी उचलता येत नाही. अशी हाताची हालचाल कायमची कमी झाली असेल तर ती अस्थिव्यंगात तपासतात. स्वावलंबनच्या पोर्टलवर अर्ज करायचा, सिव्हिलला डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं, त्याला एजंट लागत नाही. सवलतींसाठी ४० टक्के लागतात. माझे तेवढे भरले नाहीत. मी बोर्डावर रागावले नाही, त्यांनी हात नीट मोजला, अंशातली हालचाल लिहिली. पण एजंटला दिलेल्या पाच हजारांत माझ्या हाताची दाबाची स्लीव्ह आणि दोन महिन्यांची फिजिओथेरपी झाली असती, आणि ती वेळेवर झाली असती तर हात इतका आखडलाही नसता.

म्हणून दादा, ते पाच हजार राखून ठेवा. ऑपरेशन झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून डॉक्टर हाताचे व्यायाम सांगतील, ते चुकवू नका. भिंतीवर बोटं चढवायची, रोज एक वीट वर. त्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा लावू देऊ नका. बहिणीचं काम पॅकिंगचं आहे, तिला परत त्याच हातानं कमवायचंय.

निवृत्त तलाठी, पारोळा

चोपडेकरीण ताईंनी म्हटलं ते बरोबर आहे. त्यात माझी भर.

कॅन्सर दिव्यांगाच्या यादीत नाही, पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आहे. निराधार, विधवा, दिव्यांग यांच्याबरोबर क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांमुळं स्वतः कमवू न शकणाऱ्या व्यक्ती त्यात बसतात. वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं रहिवास. महिना १,५०० रुपये, थेट आधार जोडलेल्या खात्यात. अर्ज तहसीलला संजय गांधी शाखेत. सिव्हिल सर्जनचा आजाराचा दाखला लागतो.

अडचण उत्पन्नाची आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. मी नोकरीत असताना हा आकडा माणसांना सांगताना मला स्वतःला वाईट वाटायचं, कारण महिना पावणेदोन हजारांत कुणाचं घर चालतं? पण नियम तो आहे. तुमच्या बहिणीला ईएसआयचे पैसे सुरू झाले तर ती या अटीत बसणार नाही. म्हणून क्रम असा धरा: आधी ईएसआय. ते काही कारणानं अडलं, पगारही बंद झाला, तरच संजय गांधीकडं वळा.

दुसरं, लाडकी बहीणचे १,५०० तिला येत असतील. दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण चालत नाही. दोन्हीकडे अर्ज करून तीन हजार मिळतील असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. चालू आहे ते ई-केवायसी करून चालू ठेवा.

उत्पन्नाचा दाखला मात्र आजच काढून ठेवा, सेतूत मिळतो. तो चार ठिकाणी लागेल. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज केलात तर १ लाख ६० हजारांच्या आतला तहसीलदारांचा दाखला आणि दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक मागतात. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना अर्ध्या दरात असतात. उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलत. फुले योजनेत न बसणारा एखादा खर्च निघाला की हे दार वाजवायचं. घरात कुणी नोंदीत बांधकाम कामगार असेल तर त्या मंडळाचं गंभीर आजारासाठी एक लाखाचं साहाय्य आहे, नोंदणी चालू असली पाहिजे.

आणि सोसायटीच्या कर्जाचं लिहिलंत. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं. दवाखान्यासाठी उचल वापरली आणि भरणा चुकला तर व्याजही लागतं आणि पुढच्या वर्षी उचलही मिळत नाही. मी असे थकीत झालेले खूप पाहिलेत, आजारी माणूस बरं झालं आणि शेत पडीक राहिलं. पीककर्ज पिकालाच ठेवा.

नवापूरचा मास्तर

माझी आई ६३ वर्षांची, तिला दोन वर्षांपूर्वी निघाला. आम्हाला नंदुरबारहून सुरत जवळ, ताप्ती लाइननं सकाळी गेलं की दुपारी दवाखान्यात. तिथं समजलं ते सांगतो: फुले योजना आपल्या राज्याची आहे. गुजरातेत चालतं ते आयुष्मान कार्ड, तेही मुख्यतः ज्या कुटुंबाचं नाव केंद्राच्या यादीत आहे त्यांचं. आईचं होतं, म्हणून सुरतला झालं. शेजारच्या काकूंचं नव्हतं, त्यांना धुळ्याला परत यावं लागलं, एक केमो चुकली. सीमेवरच्या तालुक्यांनी गाडीत बसण्याआधी हे तपासा.

तुमच्या घरात कुणी कर भरणारा असेल तर आयकरात अशा आजारांच्या खर्चाची वजावट आहे (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडीबी). आई-वडील, जोडीदार, मुलं, अवलंबून असलेले भाऊ-बहीण यांच्या कॅन्सरच्या खर्चावर ४० हजारांपर्यंत वजावट, रुग्ण ६० च्या पुढं असेल तर एक लाखापर्यंत. कॅन्सरच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि जुन्या कररचनेतच मिळतं. विम्यातून किंवा कार्यालयाकडून परत मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. मी पहिल्या वर्षी नवी कररचना निवडून बसलो होतो, ते हुकलं.

शिरपूरची ताई

भाऊ, बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट आला का? ईआर, पीआर आणि हर-टू असे तीन शब्द त्यात असतील, गाठ कोणत्या प्रकारची ते त्यावरून कळतं. पैशांचं गणित त्यावर खूप फिरतं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब नावाचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी साधारण वर्षभर असतं, आणि मध्ये मध्ये हृदयाची टूडी इको. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर पाच किंवा दहा वर्षं रोज एक गोळी. ती गोळी जनऔषधी दुकानात स्वस्त मिळते, तिचं ओझं होत नाही. इंजेक्शनचं होतं.

केळीचा मळा, यावल

ताई, आला. ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू "दोन प्लस". डॉक्टरांनी अजून एक टेस्ट सांगितलीय, फिश का काहीतरी. ती योजनेत नाही म्हणाले.

शिरपूरची ताई

दोन प्लस म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. म्हणून फिश. ती करावीच लागेल, टाळू नका, कारण त्यावर वर्षभराचं इंजेक्शन ठरणार. पण दोन-तीन लॅबचे दर विचारा, खूप फरक असतो. आणि पॉझिटिव्ह निघालं तर घाबरून मूळ कंपनीच्याच इंजेक्शनची किंमत बघू नका. भारतात तयार होणारं बायोसिमिलर (त्याच्यासारखंच दुसऱ्या कंपनीचं इंजेक्शन) २०१४ पासून मिळतंय, बरंच स्वस्त पडतं. डॉक्टरांना सरळ विचारा: योजनेत बसतं का, नसेल तर तुमच्या फार्मसीत कितीला, बाहेरून आणलं तर चालेल का. कॅन्सरच्या ४२ औषधांवर सरकारनं २०१९ मध्ये नफ्याची मर्यादा घातली, तरी छापील किंमत आणि खरी खरेदी यात अजून अंतर असतं. विचारल्याशिवाय कुणी कमी करत नाही.

भुसावळ जंक्शन

मुंबईला टाटाला (टाटा कॅन्सर हॉस्पिटलला) दाखवायचं ठरलं तर रेल्वेचं मी सांगतो, माझी नोकरी तिथलीच.

कॅन्सर रुग्णाला उपचाराला जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण माफी आहे, सोबतच्याला ७५ टक्के. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, डॉक्टरांची सही आणि शिक्का. तो रिझर्व्हेशन खिडकीवर द्यायचा, मोबाइलवरून ही सवलत निघत नाही. घराजवळचं स्टेशन ते दवाखान्याजवळचं स्टेशन, एवढ्यालाच. दाखल्यावर नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का ते खिडकीवर यायच्या आधी बघा. "सौ." आणि "श्रीमती" यावरून मी माणसं परत जाताना पाहिलीत. एसटीनं जाणार असाल तर बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

मुंबईत राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. टाटाची फाइल असलेल्यांना तिथं जागा देतात, पण गर्दी असते. पहिल्या दिवशी गेल्यावर फाइल हातात आली की लगेच तिकडं जा.

तापीकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे. टाटाला एकदा दाखवून उपचाराचा आराखडा तिथून घ्या, पण केमो जळगावला घ्या. माझ्या वहिनीला आम्ही दर तीन आठवड्यांनी मुंबईला नेलं. जळगावहून सव्वाचारशे किलोमीटर. केमोनंतर रात्रीच्या गाडीत ती उलट्या करत यायची आणि भाऊ चार-चार दिवस दुकान बंद ठेवायचा. औषध तेच होतं. आपण "मुंबईला केलं" या समाधानासाठी दुकान बुडवलं असं आज वाटतं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण गावातच उपचार घेतले म्हणून कुणी बहिणीला कमी केलं असं मनात आणू नका.

पाचोऱ्याची लेक

विमा असलेल्यांसाठी एकच गोष्ट सांगते. आईची पॉलिसी सात वर्षं जुनी होती, तरी "आधीचा आजार लपवला" म्हणून क्लेम नाकारला. पाच वर्षं सलग पॉलिसी झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय त्या कारणानं नाकारता येत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, मग विमा लोकपाल, आपल्याला पुणे लागतं. वकील लागला नाही, फी लागली नाही. पैसे मिळाले, पण अकरा महिने गेले. तोवर सोनं गहाण होतं.

केळीचा मळा, यावल

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय. रोज वाचत होतो, लिहायला बसलो की हात थांबायचा.

आधीचा दवाखाना योजनेत होता, पण आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. १५५३८८ ला फोन केला. तिसऱ्या दिवशी काउंटरवरून बोलावणं आलं आणि पावती नसलेले सात हजार परत दिले. ११ हजार तपासण्यांचे गेले. आरोग्यमित्र म्हणजे एक तरुण मुलगी आहे, तिनं मंजुरी पाच दिवसांत आणली. दोन केमो झाल्या, एक रुपया भरला नाही. फिश निगेटिव्ह आली. ते ऐकून बहीण दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, मीपण.

ईएसआयला तीन चकरा झाल्या. पहिल्या चकरेत म्हणाले उपचार बाहेर चाललाय, सर्टिफिकेट देता येत नाही. पगारपत्रक दादांनी सांगितलं होतं तसं सगळे रिपोर्ट परत नेले, डॉक्टर मॅडमनी वाचले आणि दिलं. ठेकेदाराला अर्ज रजिस्टरनं पाठवला. त्याचा फोन आला, आवाज खाली आला होता. काल बहिणीच्या खात्यावर पहिले ४,०८३ जमा झाले. चौदा दिवसांचे.

जमिनीचं गिऱ्हाईक परत पाठवलं. कार्डवाल्याला नाही म्हटलं.

वही केली. आता बहीणच लिहिते. केमोच्या दिवशी तिला कळण्याच्या भाकरीशिवाय काही जात नाही, तर तिनं भाकरीच्या पिठाचेपण वीस रुपये लिहिलेत. मी म्हटलं अगं ते घरचंच आहे. म्हणाली, तुझ्या घरचं आहे, माझ्या नाही, लिहू दे.

पगारपत्रक

दादा, १४ दिवसांचे ४,०८३ म्हणजे बरोबर ७० टक्क्यांनी आलेत. ९१ दिवस कधी संपतात ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहा. वाढीव लाभाचे कागद त्याच्या पंधरा दिवस आधी द्यायचे.

केळीचा मळा, यावल

लिहिली.

अजून एक विचारायचं होतं. ऑपरेशननंतर शेक नाशिकला घ्यावा लागेल म्हणाले, योजनेतूनच. १५ शेक, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे तीन आठवडे. रोज यावलहून शक्य नाही. बहीण आणि माय दोघींना राहायला तिथं परवडेल अशी खोली कुणाला माहीत आहे का?

चोपडेकरीण

माझी नणंद नाशिकला सिडकोत आहे. वरची खोली रिकामी आहे, गॅस आहे, संडास आतच. जिना आहे पण दहाच पायऱ्या. भाड्याचं तिनं नको म्हटलंय, मी आत्ताच फोन करून विचारलं. तारीख ठरली की मला निरोप टाका.